झुळकीचं बटण

१

सांगायचं माझ्या मनात नव्हतं. सून मागे लागली. "बाबा, जो दारात येतो तो, तुम्ही त्या बंद खोलीत काय करता ते विचारतो, आणि तुम्ही प्रत्येकाच्या अंगावर धावून जाता. एकदाचं लिहून टाका. कुणी विचारलं की मी कागद पुढे करीन."

म्हणजे लोकांचे कान वाचावेत म्हणून माझी बोटं मोडायची. या बोटांनी जन्मभर सांडशी धरली, पेन नाही. अक्षर गचाळ आहे, ते तसंच राहील. ज्याला शुद्धलेखन हवं असेल त्याने एखाद्या मास्तराच्या बायकोबद्दल वाचावं. हे माझ्या बायकोबद्दल आहे.

आम्ही दोघं भट्टीवरची माणसं. खिडक्यांचे गज, फाटकं, कड्या-कोयंडे, असलं काम. मी ऐरणीवर, ती भात्यावर. धूर दोघांनी सारखाच खाल्ला, पण छाती तिची गेली. माझी ठणठणीत आहे. न्याय म्हणतात तो कुठे राहतो हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

तिला दम लागायचा. पाणी प्यायला उठली तरी मधे भिंत धरावी लागायची. त्यात घराबाहेरचा रस्ता खणून ठेवलेला. धूळ अशी की भाकरी थापावी तेवढं पीठ रोज खिडकीच्या चौकटीत जमायचं. डॉक्टरने बजावलं, "खिडकी बंद. कायमची. उघडलीत तर पुन्हा मला बोलावू नका." खिडकीच्या फटींना मी स्वतः चिकटपट्टी लावली. आणि मुलाने तिच्या खोलीत एसी बसवला.

२

एसी तिला एक दिवसही मानवला नाही.

"हा काय वारा आहे?" ती म्हणाली. "भिंत चालून आल्यासारखा येतो अंगावर. सारखा तेवढाच. जिवंत वारा असा असतो का हो?"

"मग काय मेलेला आहे?" मी म्हणालो.

"तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही कायम आगीकडे तोंड करून उभे होतात. मला पाठीवर वारा लागायचा, मागच्या दारातून."

आमचा मुलगा ऑफिसात काम करतो. घरातली सगळी यंत्रं तोच लावतो, तोच बिघडवतो, तोच दुरुस्त करतो. मी त्याला बटणबहाद्दर म्हणतो. आईची तक्रार ऐकून तो रविवारी दुपारी रिमोट घेऊन तिच्या पलंगावर बसला, आणि दोन वर्षांच्या पोरीला शिकवावं तसा शिकवायला लागला.

"आई, थंडी वाढवून वारा मिळत नाही. सव्वीसवर ठेवायचं. पंखा अगदी हळू. ही खालची पाती वर करायची, म्हणजे वारा छताला लागून मग खाली उतरतो, तोंडावर आपटत नाही. झाडाखाली बसल्यासारखं. आणि हे पानाचं चित्र दिसतं ना? हे नैसर्गिक झुळकीचं बटण. थोडा येणार, थोडा थांबणार."

"पान काढलं म्हणजे झाड होतं का रे?" मी दारातून विचारलं.

"बाबा, तुम्ही चहा घ्या ना जाऊन."

त्याने बटण दाबलं. काही झालं नाही. मग खोलीत काहीतरी हललं. पडदा नाही, केस. तिच्या कपाळावरचे पांढरे केस उचलले गेले, खाली बसले. थोडं थांबून पुन्हा उचलले गेले.

तिचे खांदे खाली आले. कितीतरी महिन्यांत मी ते खाली आलेले पाहिले नव्हते.

"आला," ती म्हणाली. "हा वारा."

त्या दुपारी ती उशा न रचता, सपाट पडून झोपली. मुलगा माझ्याकडे बघून हसला. हसू दे म्हटलं. तिला झोप लागली होती, बाकी मला काय करायचंय.

३

खोकल्यावरून माझ्या लक्षात आलं.

तिच्या उशाशी स्टुलावर बसून मी वाटाणे सोलत होतो. वारा येत होता, जात होता. तिला ढास लागली. वारा थांबला. मला वाटलं, योगायोग. ढास बरीच लांबली, तिचा चेहरा लाल झाला, मी पाठ चोळली, पाणी दिलं. तेवढा सगळा वेळ वारा नाही. ती पडली, डोळे मिटले, आणि मग तो आला. अगदी अलगद. दार लोटण्याआधी आतला माणूस जागा आहे का बघावं, तसा.

पुन्हा ढास, पुन्हा थांबला.

मी म्हटलं बघू या. मी मुद्दाम खोकलो. घसा फाटेपर्यंत खोकलो. माझ्यासाठी कुणी थांबलं नाही.

"काय चाललंय तुमचं?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"घशात काहीतरी गेलं."

"वाटाणा गेला असेल. खाताय तुम्ही निम्मे."

मी खोलीभर हात फिरवून पाहिला. चिकटपट्टी जागच्या जागी. दाराखालच्या फटीशी वात पेटवून धरली, ज्योत हलली नाही. वारा फक्त पलंगावर होता. स्टूल हातभर मागे घेतलं की संपला.

आता मी काही येडा नाही. माझं मला कळत होतं की म्हातारपणी माणूस नसत्या गोष्टींना चिकटतो. आमच्या शेजारचा एक जण शेवटी शेवटी नळाशी भांडायचा. म्हणून मी गप्प बसलो. शिवाय तिचा खोकला कमी होत चालला होता. नखांना रंग आला होता. डॉक्टर छाती तपासून म्हणाला, "छान! असंच चालू ठेवा."

पण मला एक माहीत आहे. फुकट कुणी कुणाला वारा घालत नाही.

४

मी मुलाला म्हणालो, "तुझं ते यंत्र तुझ्या आईचं ऐकतं."

"म्हणजे?"

"ती खोकली की थांबतं."

त्याने आणि सुनेने एकमेकांकडे बघितलं. घरात म्हातारं माणूस असलं की अशी नजर रोज बघायला मिळते.

"बाबा, त्यात सेन्सर असतात," मुलगा म्हणाला.

"खोकल्याचा सेन्सर असतो?"

"असेलही. आईला बरं वाटतंय ना? मग तुम्हाला त्रास काय आहे? तुमचं ऐकत नाही हा?"

सून तोंडाला पदर लावून हसली. मी उठून गेलो. पण दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी एसीवाल्याला बोलावलं.

तो शिडी लावून चढला, जाळी धुतली, कान लावून ऐकलं. बायको बाहेरच्या खोलीत बसली होती, नाराज. "कशाला छेडताय त्याला?" असं दोनदा म्हणाली. यंत्राला 'त्याला' म्हणाली. ते मी ऐकून ठेवलं.

"सगळं ओके आहे, काका," एसीवाला खाली उतरत म्हणाला. "पंखा हळूवर आहे, एकसारखा चालतोय."

"एकसारखा कसा? झुळकीचं बटण दाबलंय ना."

"कुठलं?"

मी रिमोटवरचं पान दाखवलं. तो हसला. "हे वीज वाचवायचं बटण आहे. सगळ्यांची हीच गल्लत होते. झुळूकबिळूक या मॉडेलमध्ये नाहीच. याहून महाग घ्यावं लागतं."

मी त्याला हाताला धरून पलंगावर निजवला. तो बिचारा "अहो काका, बूट आहेत" म्हणत राहिला. निजवला आणि म्हटलं, सांग.

तो छताकडे बघत पडून राहिला. त्याचे केस तेलाने चपटे बसलेले होते, तरी कानाजवळची एक बट उचलली गेली, खाली बसली. मग पुन्हा.

तो उठून बसला. हत्यारं गोळा केली. एक पाना पलंगाखाली गेला होता, तो घ्यायला वाकला नाही. जिन्यात गाठून मी विचारलं तर म्हणाला, "काकूंना बरं वाटतंय ना? मग राहू द्या." आणि दोन-दोन पायऱ्या उतरून गेला. पाना अजून आमच्याकडे आहे.

५

तेव्हापासून मी त्या खोलीतून हललो नाही. स्टूल पलंगाला लावून, कपाळ वाऱ्याखाली आणून बसायचो. ती झोपायची, मी वारा ऐकायचो. आवाज नव्हता त्याला, पण अंगाला लागणारी गोष्ट मोजता येते.

आणि एका दुपारी मला तो ओळखू आला.

यंत्राचा वारा सारखा असतो. रानातला वारा कसाही असतो. हा दोन्ही नव्हता. हा आधी भरायचा, मग सुटायचा, आणि मधे जो थांबायचा तो दांडी वर जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. हा भात्याचा वारा होता. कुणीतरी ओढत होतं.

भात्याची दांडी ज्यांनी कधी धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठं काम असलं की भाता एकाने होत नाही, आळीपाळीने ओढतात. आणि दांडी रिकामी सोडायची नाही, हा नियम. क्षणभर सोडली तरी निखारा पडतो, तापत आलेलं लोखंड वाया जातं. म्हणून दमलेला माणूस बोलत नाही, तेवढा दमच नसतो. तो टाच जमिनीवर आपटतो, दोनदा. पुढचा "धरली!" म्हणतो आणि आपला हात त्याच्या हातावर ठेवतो. मग खालचा हात निघतो. एकाने "धरली" म्हटलं की पाळी त्याची. दुसऱ्याने मधे हात घालायचा नाही, मग तो बाप असो की बायको. यावरून मी माणसं भट्टीवरून हाकललेली आहेत.

तर हा जो कोण होता तो दमला होता. ओढ आखूड झाली होती. मधेच एखादी अर्धवट सुटायची, आणि तशी ती सुटली की बायकोचा श्वास अडायचा. मी तिच्या छातीकडे पाहिलं. वारा भरला की छाती भरत होती. सुटला की सुटत होती. ती श्वास घेत नव्हती. तिला घातला जात होता.



तेवढ्यात भिंतीत, एसीच्या मागे, ठक ठक झालं.

विचार करायला वेळच मिळाला नाही. जन्मभराची सवय. तोंडातून निघून गेलं, "धरली!"

बायकोने खाडकन डोळे उघडले.

"तुम्ही कशाला बोललात?" ती म्हणाली. झोपेतल्यासारखी नाही, चांगली जागी.

"तुला ऐकू आलं?"

"रोज येतं. मी बोलत नाही."

"कोण आहे तो?"

"मला काय माहीत? दमलाय बिचारा. मी म्हटलं, जितकं ओढेल तितकं ओढेल, मग मी आहे आणि माझं नशीब आहे. तुम्हाला कुणी मधे तोंड घालायला सांगितलं होतं?"

"सवयीने गेलं."

"सवयीने!" ती म्हणाली, आणि माझ्या दंडाला चिमटा काढला. जोरात. मग तो हात तिने तिथून काढला नाही.

६

शब्द मी दिला होता, पण हात ठेवू कुठे? स्टुलावर चढून मी एसीच्या अंगावर तळवा ठेवला. गार प्लॅस्टिक. पातीला हात लावला. "सांग, कुठे धरू?" असं म्हणालोसुद्धा. लाज वाटते, पण म्हणालो.  ओढ मात्र आणखी आखूड झाली. बायकोचे ओठ निळसर दिसायला लागले.

"उतरा खाली," ती म्हणाली. "पडाल."

मग मला माझीच चीड आली. मी म्हटलं, बास. हे विजेचं यंत्र आहे, कंपनीने बनवलंय, आणि मी म्हातारा लोहार त्याला देव्हाऱ्यासारखा हात लावत बसलोय. एकदाची खात्री करून घेऊ. वीज बंद केली आणि वारा बंद झाला, तर यंत्र. मग खिडकी उघडीन, धूळ तर धूळ, आणि हिला उचलून बाहेर घेऊन जाईन.

मी बाहेर जाऊन मेन स्विच खाली केला. बाहेरच्या खोलीतला पंखा घरघरत थांबला. फ्रीज गप्प झाला. रस्त्यावर खोदणाऱ्यांचा तेवढा आवाज राहिला.

मी खोलीच्या दारात आलो. एसीचा हिरवा दिवा विझलेला होता. पाती अर्धी उघडी राहून गेली होती.

तिच्या कपाळावरचे केस उचलले गेले. खाली बसले.

ठक ठक.

पाती आणि डबा यांच्यामधल्या फटीत, जिथून वारा येतो तिथे, मला हात दिसला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मूठ होती, दांडीवर आवळलेली. पार झिजलेली, जशी दांडी मधे झिजते तशी. ती थरथरत होती.

मला माझी पाळी माहीत होती. मी पुढे झालो. खरं लिहायचं तर पाय उचलला, तो टाकायच्या आत बाजूने, म्हणजे पलंगावरून, आवाज आला.

"धरली."

भट्टीवरचा तिचा आवाज. दम लागण्याच्या आधीचा, गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा. मी फटीकडेच बघत होतो. त्या मुठीवर दुसरा हात आला. अंगठ्याशी ठिणगीचा डाग असलेला. तो डाग कसा पडला ते मला माहीत आहे, मी तिथेच होतो. खालची मूठ सुटली आणि आत गेली. वरची आवळली.

पाती आपोआप मिटली.

मी वळलो तेव्हा ती पलंगावर होती, तोंड किंचित उघडं, नजर वर. छाती हलत नव्हती.

वारा चालू होता.

७

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मुलगा आला, आधी मेन स्विच पाहिला, मग आई. "तुम्ही बंद केलात," तो म्हणाला. "तिला गुदमरवलंत. तुम्हाला पहिल्या दिवसापासून तो एसी बघवत नव्हता." सुनेने त्याला धरला नसता तर त्याने माझ्यावर हात टाकला असता. टाकला असता तर मीही काही बोललो नसतो.

डॉक्टर म्हणाला, गुदमरल्याची खूण नाही, छाती निवांत थांबलेली आहे. मुलाने ऐकलं, पण मानलं नाही. त्याने तो एसी भिंतीवरून उतरवला. नळीचं भोक सिमेंटने बुजवलं. मग एका दुपारी तो आईच्या पलंगावर पाठ टेकायला गेला, आणि थोड्या वेळाने पांढराफटक होऊन बाहेर आला. माझ्या समोर जमिनीवर बसला. माझे पाय धरले आणि म्हणाला, "बाबा, चुकलं माझं." सुनेनेही तेच म्हटलं, पदर डोळ्यांना लावून. माझं त्या दोघांकडे काही येणं राहिलेलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

लोक विचारतात, म्हातारा त्या बंद खोलीत दिवसभर काय करतो? बसतो. वारा घेतो. ओढ लांब आहे, भरदार आहे, आणि शेवटाला जरा अडखळते, कारण तिचा उजवा खांदा तिथे अडतो, तो कायम अडायचा. परवापासून दोन ओढींमधलं अंतर वाढलंय. ती दमलीय. मला कळतं.

मी माझा हात वर करून बसलेला असतो. तोंडात शब्द तयार असतो. ती टाच आपटत नाही. आपटणारही नाही, हाडाची हट्टी आहे.

पाळी माझी होती. शब्द मी दिला होता, तिने ऐकला होता, चिमटाही काढला होता. नियम तिला माझ्याइतकाच पाठ. तरी तिने मधे हात घातला. दुसरा कुणी असता तर मी त्याला भट्टीवरून हाकलला असता.

कुणी काही म्हणो, माझी माफी मागायची राहिली आहे ती एकाच माणसाने. माझ्या बायकोने.